कार्ब्युरेटर, जलवाहनांचा

पेट्रोलसारखे सहज बाष्प होणारे इंधन तुषारांच्या रूपाने हवेत मिसळून एंजिनाला योग्य प्रमाणातील ज्वलनक्षम मिश्रण पुरविणाऱ्या उपकरणास कार्ब्युरेटर म्हणतात. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ पट हवा लागते. हवा यापेक्षा अधिक झाली की मिश्रण विरल होते व कमी झाली की समृद्ध होते. रस्त्यावरील वाहनात हे प्रमाण बिघडल्यास वाहन अडते आणि चालक ते ढकलत कडेला नेतो. पाण्यावर ही सोय नाही. जलस्कूटरसारख्या वाहनाला तर सुकाणूच नसते. मागील प्रोथातून (निमुळत्या तोंडातून) सुटणारा पाण्याचा झोत डावी-उजवीकडे वळवूनच ते वळते. एंजिन बंद पडले की झोत थांबतो, झोत थांबला की वाहन वळत नाही आणि अंगच्या वेगाने सरळ पुढे जात राहते. त्यामुळे कार्ब्युरेटरमधील क्षुल्लक दोष येथे स्वाराच्या व जवळ पोहणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकतो. प्रस्तुत नोंदीत द्विधाव (दोन धावांच्या) सागरी एंजिनांतील कार्ब्युरेटरच्या समायोजनाचा व दोषशोधनाचा इतिहास दिला असून वसई-विरारच्या किनाऱ्यावरील परिस्थितीचा त्या अनुषंगाने विचार केला आहे.

द्विधाव एंजिनाची कल्पना स्कॉटिश अभियंते ड्यूगल्ड क्लार्क यांनी १८८१ च्या सुमारास व्यवहारात आणली. त्यांच्या एंजिनात ताजे मिश्रण सिलिंडरात लोटण्यासाठी वेगळा पंप असे. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे यांनी १८९१ मध्ये हा पंप काढून टाकला आणि दट्ट्याखालील बंद भुजापेटीचाच पंपासारखा उपयोग केला. दट्ट्या वर जाताना मिश्रण भुजापेटीत ओढले जाते व खाली येताना ते दाबले जाऊन सिलिंडरात शिरते. या युक्तीने एंजिन हलके, स्वस्त व जवळजवळ झडपांविना चालणारे झाले. परंतु भुजापेटीत वंगण तेलाचा साठा ठेवण्याची सोय मात्र गेली. तेल इंधनाबरोबरच धाडावे लागू लागले. पुढील सर्व अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे. चार धावांच्या एंजिनात कार्ब्युरेटर फक्त इंधन मोजतो. द्विधाव एंजिनात तो वंगणही मोजतो. इंधन कमी पडले की तापमान वाढते आणि नेमके त्याच वेळी वंगणही घटते.

इंधनाचा फवारा करणारा कार्ब्युरेटर १८९३ मध्ये जर्मनीत व्हिल्हेल्म मायबाख यांनी आणि बूडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केला. ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे होडीच्या मागे अडकविण्याचे एंजिन विक्रीस काढले, तेव्हा डे यांचे एंजिन आणि फवाऱ्याचा कार्ब्युरेटर यांची जोडी पाण्यावर रूढ झाली.

वसईच्या किनाऱ्याने ही जोडी फारशी स्वीकारली नाही व त्यामागील कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणेचे मुख यांच्या दरम्यान नायगाव, किल्लाबंदर, पाचूबंदर, अर्नाळा ही मच्छीमारांची गावे वसलेली आहेत. बोंबलासाठी येथे डोल जाळे लावतात. हे पिशवीसारखे लांब जाळे समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी पसरले जाते. भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते व मासळी शेवटच्या अरुंद भागात साठते. जाळे उचलण्याची वेळ माणूस ठरवीत नाही. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी क्षणभर स्थिर होते, त्या संधीत ते उचलावे लागते. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरदार असतो व मासळी भरपूर मिळते. भांगाच्या दिवसांत काम मंदावते. शिडाच्या होडीला वारा पडला की ही वेळ चुकत असे आणि तेवढी भरती वाया जात असे. यांत्रिकीकरणाची ओढ वेगापेक्षा वक्तशीरपणासाठी अधिक होती, असे म्हणणे योग्य ठरेल.

पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून (१९५१) सरकारी कर्जे व अनुदाने आणि सहकारी संस्था यांच्या साहाय्याने या किनाऱ्यावरील होड्यांत एंजिने बसू लागली. ती डीझेलची व होडीच्या पोटात बसविलेली होती. डीझेल एंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्याला ठिणगी लागत नाही आणि कार्ब्युरेटरही लागत नाही (⟶ डीझेल एंजिन). खाऱ्या हवेत सर्वप्रथम दगा देतात ते विद्युत् ठिणगीचे भाग व कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे. डीझेल एंजिनात हे दोन्ही नाहीत. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने आग लागू शकते. खर्चाच्या दृष्टीनेही डीझेल परवडणारे होते. पुढे राज्य शासनाने मच्छीमारांच्या डीझेलवरील विक्रीकराचा परतावा देण्याची पद्धत घातली. येथील मच्छीमारांनी होडीची ओळखही सिलिंडरांच्या संख्येवरून सांगण्यास सुरुवात केली : दोन सिलिंडरी, चार सिलिंडरी, सहा सिलिंडरी. कार्ब्युरेटर या परिभाषेत कोठेच येत नाही.

केरळात याच्या उलट घडले. तेथे १९८० नंतर होडीमागे लावण्याची द्विधाव एंजिने झपाट्याने पसरली. ती पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर केरोसिनवर चालविली जात. केरोसिन पेट्रोलपेक्षा कष्टाने बाष्प होते, त्यामुळे एंजिन थंड असताना किंवा बराच वेळ मंद गतीने चालविल्यास ते अर्धवट जळते व काजळी धरते. कार्ब्युरेटर वारंवार उघडून साफ करणे हा तेथील मच्छीमाराच्या नित्यक्रमाचा भाग बनला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशी एंजिने मुख्यतः लहान होड्यांपुरतीच राहिली.

द्विधाव एंजिनाच्या दुरुस्तीचे ज्ञान वसईला समुद्राने दिले नाही, तर रस्त्याने दिले. मुंबईतील ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीची लँब्रेटा आणि पुण्याच्या बजाज ऑटोची व्हेस्पा व १९७२ पासूनची चेतक या स्कूटरी, तसेच तीनचाकी रिक्षा, ही सर्व वाहने द्विधाव एंजिनावर चालत. एंजिनाचा आवाज ऐकून ‘हवा जास्त घेते’ की ‘पेट्रोल जास्त पिते’ हे सांगणारा, प्लग काढून त्याचा रंग पाहणारा व पेचकसाने स्क्रू पाव फेरा फिरविणारा मिस्त्री मुंबईच्या उपनगरांत सर्वत्र आढळे. सन २००० मध्ये लागू झालेल्या उत्सर्जनविषयक निर्बंधांनंतर चार धावांची एंजिने व सीएनजी यांचा प्रसार झाला आणि ही विद्या हळूहळू मागे पडली. तिच्यातील बराचसा भाग जलस्कूटरला लागू पडतो. जो लागू पडत नाही, तोच घातक ठरतो.

पाण्याच्या झोताने होडी ढकलण्याची व्यवहार्य रचना न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांनी १९५४ च्या सुमारास केली. एकट्याने चालविण्याच्या वाहनास ती लावण्याचे प्रयोग अमेरिकेतील क्लेटन जेकबसन यांनी १९६० नंतरच्या दशकात केले. कॅनडाच्या बाँबार्डियर कंपनीची ‘सी-डू’ १९६८ मध्ये बाजारात आली, पण लवकरच मागे घेतली गेली. जपानच्या कावासाकी कंपनीने १९७३ मध्ये उभ्याने चालविण्याची ‘जेट स्की’ विक्रीस काढली व तिच्या व्यापारी नावानेच पुढे हा सारा वाहनवर्ग ओळखला जाऊ लागला. तीत सु. ४०० घ. सेंमी.चे दोन सिलिंडरांचे द्विधाव एंजिन होते. बसून चालविण्याच्या जलस्कूटरी १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. बाँबार्डियरनेही १९८८ मध्ये याच क्षेत्रात पुनरागमन केले.

स्कूटरच्या कार्ब्युरेटरात इंधनाची एक वाटी असते व तीत तरंगणारा तरंडक इंधनाची पातळी राखतो. लाटेवर उसळणाऱ्या, कधी पूर्ण उलटणाऱ्या वाहनात तरंडक निरुपयोगी ठरतो. म्हणून जलस्कूटरसाठी साखळी-करवतीच्या एंजिनावर वापरात असलेला पटल-कार्ब्युरेटर घेण्यात आला. त्यात रबरासारख्या पातळ पडद्याच्या, म्हणजे पटलाच्या, एका बाजूस इंधन व दुसऱ्या बाजूस हवा असते. एंजिनाच्या ओढीने पटल आत वाकते, एका तरफेस दाबते, तरफ स्प्रिंगविरुद्ध सूचि-झडप उघडते व तेवढेच इंधन आत येते. इंधन टाकीतून ओढणारा पंपही बहुधा त्याच कार्ब्युरेटरात असून तो भुजापेटीतील दाबाच्या चढउतारावर चालतो. हे यंत्र कोणत्याही कोनात काम करते. मात्र वाटीमुळे मिळणारा घोटभर इंधनाचा राखीव साठा त्यात नसतो. पुरवठ्यात क्षणभर खंड पडला तरी मिश्रण तत्काळ विरल होते.

समायोजनासाठी सर्वसाधारणपणे पाच गोष्टी हाताशी असतात : मंदगतीचा स्क्रू, मंदगतीचे जेट, मुख्य जेट, उच्चगतीचा स्क्रू आणि सूचि-झडप ज्या दाबाला उघडते तो दाब. शेवटची गोष्ट स्कूटरच्या मिस्त्रीच्या परिचयाची नसते. हा दाब स्प्रिंगच्या ताठरपणावर व झडपेच्या छिद्राच्या आकारावर ठरतो आणि लहान हातपंप व दाबमापक लावून मोजावा लागतो. थ्रॉटल पाव भागापर्यंत उघडताना एंजिन अडखळत असेल, तर दोष बहुधा या दाबात किंवा मंदगतीच्या जेटात असतो. मधल्या टप्प्यात मुख्य जेटाचा आणि पूर्ण उघडीप असताना उच्चगतीच्या स्क्रूचा प्रभाव अधिक असतो. म्हणून ‘एंजिन ओढत नाही’ एवढी तक्रार निरर्थक होय; थ्रॉटल किती उघडल्यावर ओढत नाही, हे विचारल्यावाचून दोषशोधन सुरू होत नाही.

समृद्ध मिश्रणाची लक्षणे उघड असतात : धूर, ओला व काळा प्लग, जड व तुटक आवाज, उशिराने येणारा वेग. ती त्रासदायक असतात, पण एंजिन वाचते. विरल मिश्रण फसवे असते. स्क्रू आत फिरवीत गेल्यास एंजिन आधी हलके व तरतरीत होते, फेरे वाढतात, धूर नाहीसा होतो आणि समायोजन उत्तम जमले असे वाटते. त्याच्या पुढच्याच टप्प्यावर दट्ट्या तापून फुगतो, त्याच्या अंगावरील तेलाचा थर तुटतो व तो सिलिंडरात जाम होतो. रस्त्यावर एंजिनावरील भार सावकाश बदलतो. समुद्रात लाटेच्या माथ्यावर पंपात हवा शिरली की भार एकाएकी नाहीसा होऊन एंजिनाचे फेरे भडकतात आणि पुन्हा पाणी धरताच भार आदळतो. स्कूटरवर चालून गेलेले विरल समायोजन येथे काही मिनिटांत सिलिंडर खाऊन टाकते. या कारणाने अनुभवी कारागीर जलस्कूटर किंचित समृद्ध बाजूस ठेवतात, उच्चगतीचा स्क्रू एका वेळी थोडाच फिरवितात आणि चाचणी किनाऱ्यावर नव्हे तर पाण्यात, भाराखाली घेतात. प्लगचा रंग पाहताना पूर्ण वेगात असतानाच एंजिन बंद करून प्लग काढावा लागतो. मंद गतीने काठाशी आणल्यावर दिसणारा रंग त्या मंद गतीचाच असतो. फिकट तपकिरी रंग योग्य व पांढुरका रंग धोक्याचा मानला जातो, परंतु आधुनिक इंधनांत ही खूण पूर्वीइतकी स्पष्ट उमटत नाही.

एक गैरसमज येथे नोंदविणे आवश्यक आहे. एंजिन तापते म्हणून इंधनात तेल अधिक घालण्याची प्रथा सर्वत्र दिसते. तेलाचे प्रमाण वाढले की त्याच जेटातून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणजे मिश्रण आणखी विरल होते. तेल वाढवावयाचे असल्यास जेटही बदलावे लागते.

कार्ब्युरेटरवर आळ येणारे पुष्कळसे दोष प्रत्यक्षात कार्ब्युरेटरचे नसतात. थ्रॉटल सोडल्यावरही फेरे उतरत नसतील, तर भुजादंडाच्या टोकांशी असलेल्या तेलरोधक कड्यांतून किंवा सांध्यांतून हवा आत शिरत असण्याचा संभव असतो. अशा वेळी स्क्रू फिरवून मिश्रण समृद्ध केल्यास लक्षण झाकले जाते व रोग राहतो. भुजापेटीची तोंडे बंद करून तीत थोडा दाब भरणे व तो टिकतो की नाही ते पाहणे, ही त्यावरील निश्चित कसोटी आहे. १९९० नंतरच्या दशकातील काही जलस्कूटरींत वापरलेल्या करड्या इंधननळ्या आतून विरघळून त्यांचा हिरवट चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या जाळीत बसत असे. कार्ब्युरेटर साफ केला की एंजिन काही दिवस चाले व पुन्हा अडे. नळ्या बदलेपर्यंत हे चक्र थांबत नसे, आणि तोवर अनेक एंजिनांचे दट्ट्ये जळून गेलेले असत. दोन कार्ब्युरेटरांच्या एंजिनात तर एकाचीच जाळी तुंबते. दुसरा सिलिंडर व्यवस्थित चालत राहिल्याने स्वाराला वेग किंचित घटल्यापलीकडे काही जाणवत नाही. प्रत्येक सिलिंडराचे संपीडन मोजून, इंधनाचा मार्ग तपासून व हवेची गळती नाही याची खात्री करून मगच स्क्रूला हात लावावा, हा क्रम या अनुभवांतून रूढ झाला.

वसई-विरारच्या किनाऱ्यावर यात आणखी एका घटकाची भर पडते. उल्हास व वैतरणा या नद्यांच्या मुखांमुळे येथील पाणी गढूळ असून उधाणाच्या भरतीत तळचा गाळ वर येतो. जलस्कूटरचे एंजिन थंड ठेवण्यासाठी झोताच्या पंपातूनच समुद्राचे पाणी घेतले जाते. उथळ पाण्यात वाळू व गाळ ओढला गेला की शीतन-मार्ग तुंबतात, एंजिन तापते आणि लक्षणे हुबेहूब विरल मिश्रणासारखी दिसतात. पंपाभोवतीचे कडे वाळूने झिजल्यास फेरे वाढूनही वेग येत नाही. त्याचेही खापर कार्ब्युरेटरवर फोडले जाते. किनारा अतिशय सपाट असल्याने ओहोटीला पाणी दूर जाते व वाहन वाळूलगतच सुरू करण्याचा मोह होतो. डोल जाळ्यांचे खुंट व दोर ओळखू न येणाऱ्या स्वारास एंजिनाचा भरवसा नसताना खाडीच्या मुखाशी जाणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा आहे. यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. डीझेल एंजिन ही विश्रांती सहज सोसते. कार्ब्युरेटरात राहिलेले पेट्रोल मात्र उडून जाते व मागे राहिलेला राळेसारखा थर जेटाची छिद्रे बुजवितो. पटले ताठ होतात. इथेनॉलमिश्रणाने ही अडचण वाढली. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेले आणि २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सर्वत्र पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते व पाणी फार झाल्यास ते पाण्यासह पेट्रोलपासून अलग होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंधनाची नळी तळातूनच सुरू होते. याशिवाय इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने २० टक्के मिश्रणास शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के कमी हवा पुरते; शुद्ध पेट्रोलसाठी बसविलेले जुने जेट आपोआपच विरल ठरते. पावसाळ्यापूर्वी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे, सिलिंडरात तेल फवारणे आणि नंतर पटले बदलूनच एंजिन सुरू करणे हा उपाय साधा आहे.

डे यांच्या एंजिनातील मूळचा दोष, म्हणजे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निष्कास-मार्गाने निसटणे, समायोजनाने दूर होत नाही. उत्तम जमविलेल्या एंजिनातही पाव भागाच्या आसपास इंधन असे वाया जाते व तेलासह पाण्यात मिसळते. अमेरिकेतील टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरच्या द्विधाव एंजिनांना १९९९ मध्ये बंदी झाली. त्या देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सागरी पेट्रोल एंजिनांसाठी १९९६ मध्ये केलेले नियम २००६ पर्यंत पूर्णतः अमलात आले. २००२ मध्ये प्रमुख उत्पादकांनी चार धावांच्या, इंधन-अंतःक्षेपणाच्या जलस्कूटरी आणल्या. उभ्याने चालविण्याच्या यामाहा ‘सुपरजेट’मध्ये कार्ब्युरेटरचे द्विधाव एंजिन २०२० पर्यंत टिकून होते, २०२१ च्या नमुन्यात तेही गेले. मागे राहिलेली यंत्रे हातोहाती फिरत राहतात. त्यांचे पटलसंच व सूचि-झडपा अद्याप मिळतात, मात्र झडपेच्या उघडण्याचा दाब मोजणारा मापक रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे क्वचितच आढळतो.